रिकामी ड्राइव्ह पुसली आणि ग्रब अडला

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. विंडोजमधून रिकामी ई ड्राइव्ह डिलीट केली, तेव्हापासून काळ्या पडद्यावर ‘नो सच पार्टिशन’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच येतं. दुकानदार फॉरमॅट करा म्हणतो. डेटा गेला का?

उत्तर : ई ड्राइव्हच पुसली असेल, तर बाकीचा डेटा जागेवर आहे. फॉरमॅट मुळीच करू नका.

ग्रब म्हणजे सुरुवातीला विंडोज की उबुंटू हा मेनू दाखवणारा प्रोग्राम. जुन्या एमबीआर पद्धतीत बायॉस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम, डिस्कचा पहिला 512 बाइटचा सेक्टर (कप्पा) तेवढा वाचतं. त्यात प्रोग्रामला 446 बाइट, पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याला 64 आणि शेवटी 2 बाइटची खूण. एवढ्याशा जागेत मेनू मावत नाही, म्हणून ग्रबचा हा तुकडा लगतच्या सेक्टरांतला मोठा तुकडा उचलतो आणि तो /बूट/ग्रब फोल्डरमधून मेनू आणतो. खरी गोची इथे आहे. तो फोल्डर कोणत्या पार्टिशनवर आहे, हे मोठ्या तुकड्यात क्रमांकानं लिहिलेलं असतं, आणि लॉजिकल पार्टिशनांचे (एका मोठ्या पार्टिशनच्या आत पाडलेल्या भागांचे) क्रमांक 5 पासून ओळीनं लागतात. ई ड्राइव्ह 5 आणि उबुंटू 6 असेल, तर 5 पुसल्यावर उबुंटूच 5 झालं. ग्रब मात्र अजून 6 शोधतोय. विंडोजही त्याच मेनूतून सुरू होतं, म्हणून तेही अडलं.

पेनड्राइव्ह काढून ठेवा. पुढच्या आज्ञा त्याच ‘ग्रब रेस्क्यू’पुढे इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या. नुसतं ‘एलएस’ दिलं की पार्टिशनांची यादी येईल. मग एकेक तपासा :

एलएस (एचडी0,एमएसडॉस5)/बूट/ग्रब

‘अननोन फाइलसिस्टिम’ आलं तर घाबरू नका. ते बहुधा विंडोजचं पार्टिशन असतं आणि रेस्क्यूला एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फायली ठेवायची पद्धत, वाचता येत नाही. फायलींची नावं दिसली, की हवं ते पार्टिशन सापडलं. समजा ते 5 आहे :

सेट प्रिफिक्स=(एचडी0,एमएसडॉस5)/बूट/ग्रब
इनस्मॉड नॉर्मल
नॉर्मल

बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. मेनू येईल, पण ही दुरुस्ती फक्त मेमरीत असते. लॅपटॉप बंद केला की गेली. त्यामुळे उबुंटूत शिरल्याबरोबर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) :

सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
सुडो अपडेट-ग्रब

पहिल्या ओळीत एसडीए5 नव्हे, नुसतं एसडीए. ग्रब डिस्कच्या सुरुवातीला बसवायचा असतो, पार्टिशनमध्ये नाही.

विंडोजच्या सीडीवरून ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ चालवा, असंही कुणी सुचवेल. त्यानं विंडोज सुरू होईल, पण पहिल्या सेक्टरातला ग्रब जाईल आणि उबुंटूकडे जायची वाटच बंद होईल.