रोजच्या वापरासाठी म्युझिक प्लेअर घेताना काय बघावं? २४-बिट/१९२ किलोहर्ट्झ (म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने मोजलेला आवाज) लागतंच का?

नाही लागत. तुम्ही प्रश्नात निवडलेल्या तीन प्लेअरच्या डॅक चिप (डिजिटल फाइलचं अ‍ॅनालॉग आवाजात रूपांतर करणारी चिप), बिट, किलोहर्ट्झ असं सगळं लिहिलंत, पण खिशातून न काढता कुठल्या प्लेअरवर गाणं बदलता येतं हे एकाबद्दलही लिहिलं नाहीत. चालताना आणि प्रवासात ऐकायचंय म्हणता, तर पहिली चौकशी त्याचीच करायला हवी.

हाच वाद माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वर्षानुवर्षं चालू आहे. दादाने मोठा टचस्क्रीनवाला प्लेअर घेतला आणि माझ्या बटणांच्या छोट्या प्लेअरला सगळ्यांसमोर 'खेळणं' म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे, थोडे दिवस अदलाबदल करू.

त्याचा प्लेअर मी रोज वापरला. गाणं बदलायचं तर खिशातून काढा, स्क्रीन उजळा, लॉक उघडा, मग बोट लावा. बोट ओलं असेल तर तेही जुमानत नाही. तासाभराचं व्याख्यान अर्ध्यावर बंद केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा 'नमस्कार' पासून सुरू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, एका मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक आहेत, मध्ये खंड नाही. विलंबित संपून द्रुतची सम यायची, नेमकं तिथेच हे यंत्र क्षणभर गप्प व्हायचं. गॅपलेस प्लेबॅक (दोन ट्रॅक मध्ये न थांबता सलग वाजणं) नसलेला प्लेअर मला कोणी फुकट दिला तरी नको. माझ्या 'खेळण्या'त ही तिन्ही दुखणी नव्हती.

दादाचं म्हणणं एकच: "पण आवाज ऐक!" म्हणून आवाजाचाही निकाल लावला. त्याच्याच फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या) फाइलवरून ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिटची) एमपी३ बनवली आणि फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमधल्या एबीएक्स चाचणीला त्याला बसवलं. त्यात कुठली फाइल वाजतेय हे न सांगता ओळखायला लावतात. त्याची उत्तरं नाणं उडवून आली असती तशीच आली. मग दोन्ही प्लेअरचा आवाज हेडफोन जोडून, एकच टोन लावून मल्टिमीटरने सारखा केला, तर दादाला आधी जाणवणारी आवाजाची 'खोली', 'मोकळेपणा' सगळं गायब. त्याचा प्लेअर आधी जरा मोठ्याने वाजत होता, एवढंच. दोन वस्तूंतली किंचित मोठ्याने वाजणारी कानाला चांगली वाटते, आणि दुकानातल्या तुलनेत लोक इथेच फसतात.

आकड्यांचंही सांगतो. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर पकडतो. माणसाचा कान तरुणपणीही साधारण २० किलोहर्ट्झला थांबतो. २४/१९२ ची न दाबलेली (अनकॉम्प्रेस्ड) स्टिरिओ फाइल सेकंदाला ९२१६ किलोबिट खाते, सीडीची १४११. म्हणजे साडेसहापट जागा, आणि ऐकू काय येणार? २४ बिटचा उपयोग रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणाऱ्यांना आहे, बसमध्ये उभं राहून ऐकणाऱ्याला नाही.

आवाजाच्या बाबतीत दोनच गोष्टी तपासा. संवेदनशील इअरफोन लावून, गाणं थांबवून, अगदी शांत जागी ऐका: 'सस्स' असा आवाज येतोय का? नुसता तंबोरा चालू असताना तो डोकं उठवतो. आणि प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स (त्याच्या आउटपुटचा विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी हवा. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमच्या आत. तो जास्त असला तर काही इअरफोनच्या आवाजाचा पोतच बदलतो, बास फुगतो किंवा पडतो.

बाकी, मेमरी कार्ड भरून टाकलं की लायब्ररी स्कॅनला (प्लेअरने सगळ्या गाण्यांची यादी बनवायला) किती वेळ लागतो ते बघा. मराठी नावं असतील तर स्क्रीनवर जोडाक्षरं फुटतात का, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाते का, तेही एक फाइल टाकून बघून घ्या. आणि बॅटरी बदलता येते का विचाराच. लिथियम बॅटरी थकणारच. बाकी प्लेअर ठणठणीत असताना तेवढ्यासाठी फेकून द्यायचा म्हणजे अन्याय आहे.

ब्लूटूथ इअरफोन वापरणार असाल तर वरची डॅकची चर्चा सोडूनच द्या. तिथे डिजिटलचं अ‍ॅनालॉग इअरफोनच्या आतच होतं, प्लेअरमधली भारी चिप नुसती बसून राहते. दादाला हे सांगितलं तर विषय बदलतो. सगळं स्ट्रीमिंगवरच ऐकत असाल तर वेगळा प्लेअर घेऊच नका, फोन पुरतो.

हां, तुमच्याकडे ३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील तर लहान प्लेअरचा आवाज कमी पडू शकतो. तेव्हा जास्त व्होल्टेज देणारा प्लेअर लागेल आणि तिथे दादाचं म्हणणं मला मान्य आहे. तुमचे हेडफोन कुठले हे प्रश्नात नाही. ते लिहिलंत तर त्या तिघांतला कुठला घ्यावा हे सांगता येईल, पण त्यातल्या टचस्क्रीनवाल्याला माझं मत मिळणार नाही.