कुणाच्या तरी मरणाशेजारी बसून

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ६३. सेलूला राहतो. एसटीत कंडक्टर होतो. माझा जोडीदार ड्रायव्हर आठ महिन्यांखाली वारला. बावीस वर्षं आम्ही एका गाडीवर काढली. तो दवाखान्यात होता तेव्हा एकदाच भेटून आलो, नंतर माझा पायच उचलेना. आता रात्री दोन-अडीचला जाग येते, छाती धडधडते, आता आपलाच नंबर असं वाटतं. ईसीजी चांगला आला. हरिपाठ रोज म्हणतो. मुलगी म्हणते, कथा-कादंबऱ्या वाचा. पण रचलेल्या माणसांच्या गोष्टी वाचून खरी भीती कशी जाईल? उलट वाढायची नाही का?

उत्तर : भाऊ, भीती जाईल असं मी सांगणार नाही. माझी गेलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी औसा तालुक्यातल्या माझ्या माहेरी होते. रात्री गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. चारच्या सुमाराला भूकंप झाला, दगड-मातीच्या भिंती आणि वरचं माळवद खाली आलं. माझी चुलती आणि तिची दोन लेकरं त्यात गेली. मी वाचले, पण पुढं दीड वर्ष मला छताखाली झोप लागली नाही. पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा दाराशी अंथरूण टाकायची. कुणी मरणाचा विषय काढला की उठून जायची.

त्याच काळात गावातल्या वाचनालयात मॉस्कोला छापलेलं एक स्वस्त हिंदी पुस्तक हाती लागलं. रशियन लेखक टॉलस्टॉयची ‘इवान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ सालची दीर्घकथा. नाव वाचूनच ठेवून दिलं होतं. आठवड्यानं पुन्हा उचललं.

गोष्ट सुरूच होते ती इवान मेल्यावर. कोर्टातले त्याचे सोबती पेपरात बातमी वाचतात, आणि प्रत्येकाच्या मनात आधी येतो तो त्याच्या जागेवर कुणाची बढती होईल याचा हिशोब. मग वाटतं की मेला तो, मी नाही. मला वाटलं, चुलतीला बाहेर काढलं तेव्हा माझ्याही मनात पहिल्यांदा हेच आलं होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमचा पाय उचलेना, त्याबद्दल मनाला खात बसला असाल तर ही पहिली पानं वाचा.

पुढं इवानचं दुखणं. घर सजवताना शिडीवरून पाय निसटतो, कुशीला मार लागतो, एवढंच निमित्त. सगळी माणसं मर्त्य असतात हे तो तर्कशास्त्रात शिकलेला, पण ते पुस्तकातल्या माणसाला लागू. लहानपणी जो वान्या होता, त्याला कसं लागू होईल? बायको आणि डॉक्टर म्हणत राहतात, बरं वाटेल. त्या खोटेपणाचा त्याला दुखण्याइतकाच जाच होतो. फक्त गेरासिम नावाचा खेड्यातला गडी खोटं बोलत नाही. मालकाला बरं वाटावं म्हणून त्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्र-रात्र बसतो.

मी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं नाही. चार पानं वाचायची, घाबरायला झालं की मिटायचं, अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालायचं, परत यायचं. रचलेल्या गोष्टीचा मोठा उपयोग मला हा वाटतो. खऱ्या मरणाजवळून आपण पळून येतो ते येतोच, आणि मग त्या खोलीत परत जाता येत नाही. इथं दहा वेळा पळा, इवान तिथंच असतो. अकराव्या वेळी तुम्ही थोडं जास्त बसता.

आणि बसायची सवय लागते. २००४ साली माझे वडील फुप्फुसाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “आण्णा, दिवाळीला उठून बसताव बघा.” आण्णा भिंतीकडं तोंड करायचे. एका रात्री मी त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि विचारलं, “आण्णा, भ्याव वाटतंय का?” बराच वेळ गेला. “वाटतंय की,” म्हणाले. “तू बस.” मलाही वाटत होतं. पण बसले.

हरिपाठ सोडू नका, त्याची जागा वेगळी आहे. वाचन मात्र दुपारी करा, अंथरुणात नको. इवान इलिच जड वाटला तर आधी ‘श्यामची आई’ घ्या. लहानपणी वाचली असेल तरी आता परत वाचा. साने गुरुजींनी ती रात्रीरात्रींत सांगितली आहे, अशा बेचाळीस रात्री. तुम्ही रोजच्या दुपारी एकच घ्या. श्यामलाही आईच्या शेवटच्या घटकेला पोचता आलं नव्हतं, हे तुम्हाला आठवत असेल. आणि हे सगळं करूनही धडधड थांबत नसेल, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या नंबरवर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

एक विचारायचं राहिलं. जोडीदार गेल्यानंतर त्यांच्या घरी गेलात का? पत्रात त्याबद्दल काही नाही. बावीस वर्षं गाडीवर ते कसे होते, कुठल्या थांब्यावर चहा प्यायचे, कशानं चिडायचे, हे त्यांच्या मंडळींना तुमच्याशिवाय कोण सांगणार?