पूल ओलांडला की पार्टी बदलते का?

प्रश्न : माझ्या मुलाला अमेरिकेत फार्गोला नोकरी लागलीय. आता घर फार्गोतच घ्यायचं की नदीपलीकडच्या मूरहेडला, यावरून त्याचं आणि सूनबाईंचं रोज वाजतं. तिची मैत्रीण म्हणते फार्गो कट्टर रिपब्लिकन, मूरहेड डेमोक्रॅट, विचार करून राहा. मध्ये नुसती एक नदी, आणि दोन्हीकडची माणसं इतकी वेगळी असतात का हो? — काळजीत पडलेली आई

उत्तर : ताई, सूनबाईंच्या मैत्रिणीचं अर्धंच बरोबर आहे. रेड रिव्हरच्या पश्चिमेला फार्गो, ते नॉर्थ डकोटा राज्यात, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. पूर्वेला मूरहेड, ते मिनेसोटात, पंचेचाळीसेक हजारांचं. मध्ये पूल, आणि लोक सकाळी इकडून तिकडे कामाला जातात नि संध्याकाळी परत येतात. नॉर्थ डकोटाने १९६४ नंतर एकदाही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाला कौल दिलेला नाही आणि मिनेसोटाने १९७२ च्या निक्सननंतर एकदाही रिपब्लिकनला दिलेला नाही, त्यामुळे नकाशावर एक लालभडक दिसतं आणि एक निळं. (आपल्याकडे लाल म्हटलं की लाल बावटा आठवतो, तिकडे उलटं, लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट.)

पण हा राज्याचा रंग झाला, गावाचा नाही. २०२० ला ट्रंपना अख्ख्या नॉर्थ डकोटात ६५ टक्के मतं पडली आणि फार्गो ज्या कॅस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येतं तिथे ते बायडनच्या जेमतेम तीनेक टक्के पुढे होते. मूरहेडच्या क्ले काउंटीत बायडन पुढे, पण तेही थोडक्यातच, आणि चारच वर्षं आधी तीच काउंटी ट्रंपकडे गेली होती. २००८ ला तर कॅस काउंटी ओबामांनी जिंकलेली! म्हणजे मतांचा हिशोब काढला तर फार्गो स्वतःच्या राज्यापेक्षा पलीकडच्या मूरहेडलाच जवळचं निघतं. दोन्हीकडे कॉलेजं आहेत, हॉस्पिटलं आहेत, फार्गोला मायक्रोसॉफ्टचं मोठं ऑफिस आहे, असल्या गावात मतं मिसळलेलीच असणार. नॉर्थ डकोटाच्या विधिमंडळात जे मूठभर डेमोक्रॅट उरलेत त्यातले बरेचसे फार्गोचेच.

मग फरक पडतो कुठे? तर कायद्यात. फार्गोचे कायदे नॉर्थ डकोटाच्या राजधानीत, बिस्मार्कला ठरतात, मूरहेडचे मिनेसोटाच्या राजधानीत, सेंट पॉलला, आणि तिथे गावच्या मताला कोण विचारतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा देशभरातला हक्क काढून घेतला तेव्हा नॉर्थ डकोटातलं एकमेव गर्भपात क्लिनिक फार्गोत होतं, ते उचलून सरळ मूरहेडला नेलं, म्हणजे गाडीने काही मिनिटांवर. तीच नदी, पण अलीकडे कायदा एक आणि पलीकडे दुसरा. पिस्तुलाचंही तसंच, मिनेसोटात जवळ बाळगायला परमिट लागतं, नॉर्थ डकोटात लागत नाही. गांजा मिनेसोटात २०२३ पासून कायदेशीर झालाय, नॉर्थ डकोटाच्या मतदारांनी तो तीनदा फेटाळला. आणि इथे मुलाला एक गोष्ट आवर्जून सांगा, व्हिसावर असलेल्या माणसाने मिनेसोटाच्या या सवलतीच्या वाटेलाही जाऊ नये, कारण इमिग्रेशनचं खातं केंद्राचं आणि केंद्राच्या कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे.

बरं, लाल म्हणजे सनातनी आणि निळं म्हणजे मोकळंढाकळं असंही समजू नका. नॉर्थ डकोटात २०१९ पर्यंत रविवारी दुपारी बारापर्यंत बहुतेक दुकानं उघडायला बंदी होती, हे खरंच. पण पुरोगामी म्हणवणाऱ्या मिनेसोटात २०१७ पर्यंत रविवारी दारूची दुकानंच बंद असायची, आणि मग मूरहेडची तहानलेली मंडळी पूल ओलांडून फार्गोला! याहून गंमत म्हणजे सरकारी मालकीची बँक कुठे आहे, तर लाल नॉर्थ डकोटात. १९१५ मध्ये तिथल्या गव्हाच्या शेतकऱ्यांनी रेल्वे, सावकारी बँका आणि मिनीॲपोलिसचे धान्यव्यापारी यांच्याविरुद्ध नॉनपार्टिझन लीग ही राजकीय संघटना काढली, निवडणुका जिंकल्या आणि १९१९ मध्ये राज्याची बँक उभी केली, पाठोपाठ राज्याची पीठगिरणीही. दोन्ही आजही चालू आहेत आणि एकाही रिपब्लिकन सरकारने त्या बंद केलेल्या नाहीत.

आता खरी मजा साखरेची, सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे लगेच कळेल. या खोऱ्यात बीटची साखर होते, आणि अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ मध्ये बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनीच विकत घेऊन सहकारी केली. मुख्यालय मूरहेडला, कारखाने दोन्ही राज्यांत, सभासद दोन्ही काठांवरचे. बाहेरची स्वस्त साखर अडवणारं सरकारी धोरण टिकलं पाहिजे, यावर त्यांच्यात पार्टी-बिर्टी काही नसते. म्हणूनच कॉलिन पीटरसन, जन्म फार्गोचा, कॉलेज मूरहेडचं, पक्ष डेमोक्रॅट, हे मिनेसोटाच्या त्या ग्रामीण मतदारसंघातून तीस वर्षं संसदेत निवडून आले, मधल्या काळात तिथल्या शेती समितीचे अध्यक्षही झाले, आणि शेवटीशेवटी तर त्या भागात ट्रंपना भरभरून मतं पडत असतानाही जिंकले. शेवटी २०२० ला रिपब्लिकन मिशेल फिशबाक यांनी त्यांना पाडलं.

राहिला घराचा प्रश्न. मुलाला अजून मत नाहीच, तेव्हा पार्टी बघून घर घेण्यात अर्थ नाही, टॅक्स बघावा. दोन राज्यांचा करार आहे, राहाल तिथे पगारावरचा इन्कम टॅक्स भरायचा, नोकरी पलीकडे असली तरी. नॉर्थ डकोटात तो बराच कमी आहे. मिनेसोटात मात्र कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, आणि २०२३ पासून शाळेत सगळ्या मुलांना नाश्ता-जेवण फुकट. नातवंडं कधी, त्यावर बघा!

प्रश्न : फार्गोत म्हणे एका मतदाराला हव्या तितक्या उमेदवारांना मत देता यायचं. हे काय प्रकरण आहे? — राज्यशास्त्राचा विद्यार्थी

उत्तर : अगदी खरं. अप्रूव्हल व्होटिंग म्हणतात. नगर आयोगाच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) एकेका निवडणुकीला बरेच जण उभे राहायचे, मतं फुटायची आणि थोडक्या मतांवर कुणीतरी निवडून यायचा. म्हणून २०१८ मध्ये फार्गोकरांनी मोठ्या बहुमताने ही पद्धत स्वीकारली, अमेरिकेतलं पहिलंच शहर. जे जे चालतील त्या सगळ्यांच्या नावापुढे खूण करायची, सर्वाधिक खुणा ज्याच्या नावावर तो विजयी. २०२० पासून ती वापरात आली. नगराची निवडणूक तिथे पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे यात कुठल्या पार्टीचा फायदा होतो हे सांगणंही कठीण. तरी बिस्मार्कला ते रुचलं नाही. २०२३ मध्ये विधिमंडळाने बंदीचा कायदा केला, गव्हर्नर (तिकडे तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा निवडून येतो) डग बर्गम यांनी तो व्हेटो केला, म्हणजे नकाराधिकार वापरून अडवला, स्वतः रिपब्लिकन असून. २०२५ मध्ये नवे गव्हर्नर केली आर्मस्ट्राँग आले, तेही रिपब्लिकनच, आणि त्यांनी बंदीवर सही करून टाकली.