पेटी आंब्याची, पेटी स्पीकरची

प्रश्न : आमच्या घरातील जुना रेडिओग्राम (रेडिओ आणि ग्रामोफोनचे एकत्र कपाट) वाळवीने खाल्ला, परंतु त्यातील आठ इंची दोन स्पीकर शाबूत निघाले. दोन्हींचे कोन (थरथरून आवाज काढणारे शंकू) कागदी असून मध्यभागी आणखी एक छोटा कोन आहे. चुंबकावरील अक्षरे पुसली गेली आहेत. गंमत म्हणून एक स्पीकर आंब्याच्या जुन्या लाकडी पेटीला भोक पाडून बसवला, तेव्हा आवाज मोकळा आला, पण खालचे स्वर जवळजवळ नाहीसे झाले. मग सुताराकडून पंचवीस लिटरची घट्ट बंद पेटी करून घेतली. तिच्यात भजनातला पखवाज कोणत्याही थापेला एकाच सुरात घुमतो. आता कोणती पेटी करावी?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपल्या दोन्ही प्रयोगांत स्पीकरचा दोष नाही. आंब्याची पेटी फळाला वारा लागावा म्हणून फटी ठेवून ठोकलेली असते. त्या फटींतून कोनाच्या मागचा आवाज पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. बंद पेटीत नेमके उलटे झाले. तेथे मागचा आवाज अडला खरा, पण कोंडलेल्या हवेने कोनाला जास्तीची स्प्रिंग लावली, आणि ती स्प्रिंग या कोनाला झेपणारी नव्हती.

रेडिओ आणि रेडिओग्रामच्या काळातील असे स्पीकर मोठ्या, मागून उघड्या कपाटांसाठी बनत. कपाटाच्या पाठीला छिद्रे पाडलेला पुठ्ठा असे, एवढेच. लहान बंद पेटीतून खोल खर्ज काढण्याची कल्पना एडगर विल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत प्रत्यक्षात आणली, पण त्यासाठी कोन जड आणि त्याची कड अतिशय सैल लागते. आपल्या स्पीकरचा कोन हलका आणि कड ताठ आहे. शिवाय पेटीचे आकारमान ज्या आकड्यांवरून काढतात, ते थील आणि स्मॉल या अभियंत्यांचे आकडे १९६१ नंतर हळूहळू रूढ झाले. त्यामुळे आपल्या स्पीकरवरची अक्षरे शाबूत असती तरी त्यांत ते बहुधा मिळाले नसते. ते घरीच मोजावे लागतील, आणि मोजण्यापूर्वी सुताराला बोलावू नये.

मोजणी वाटते तितकी अवघड नाही. मोबाइलवर ठरावीक हर्ट्झचा स्वर देणारे ॲप घ्यावे, तो स्वर ॲम्प्लिफायरमधून काढून १००० ओहमच्या रेझिस्टरमार्गे स्पीकरला द्यावा आणि स्पीकरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावावा. स्पीकर हातात उचलून किंवा टेबलाच्या कडेबाहेर मोकळा धरलेला असावा. आधी स्पीकरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावून जे व्होल्ट दिसतील ते टिपले, की पुढच्या प्रत्येक आकड्याचे ओहममध्ये रूपांतर तेवढ्या प्रमाणात करता येते. आता स्वर २० हर्ट्झपासून सावकाश वर न्यावा. एका ठिकाणी काटा उंच चढतो. तो स्पीकरचा स्वतःचा नैसर्गिक सूर होय.

उदाहरणार्थ, स्पीकरचा साधा डीसी रोध ६ ओहम निघाला आणि ६० हर्ट्झला शिखर ३६ ओहमचे आले, असे धरू. गुणोत्तर ६, त्याचे वर्गमूळ २.४५. रोधाच्या ६ ओहमला २.४५ ने गुणले, की १४.७ ओहम येतात. शिखराच्या खाली आणि वर जेथे १४.७ ओहम दिसतात त्या दोन जागा शोधाव्यात. समजा त्या ४५ आणि ८० हर्ट्झ आहेत. त्यांतील अंतर ३५. आता ६० गुणिले २.४५ भागिले ३५, म्हणजे ४.२, आणि याला त्याच गुणोत्तराने, म्हणजे ६ ने, भागले की ०.७. हाच तो क्यूटीएस, म्हणजे कोन किती लवकर शांत होतो याचे माप. आपली पंचवीस लिटरची पेटी फुकट गेलेली नाही. तीच तिसऱ्या मोजणीला उपयोगी पडते. तिच्यात बसवल्यावर शिखर ६० वरून १२३ हर्ट्झवर सरकले, तर १२३ भागिले ६० याचा वर्ग करून त्यातून एक वजा करावा आणि पंचविसाने गुणावे. उत्तर सुमारे ८० लिटर येते, म्हणजे कोनाच्या टांगणीत जितकी लवचीकता आहे तितकी ८० लिटर हवेत असते.

या आकड्यांवरून आपल्या पखवाजाचे कोडेही सुटते. त्या पेटीत क्यू ०.७ वरून १.४ च्या पुढे जातो आणि १२३ हर्ट्झच्या आसपास सुमारे पावणेचार डेसिबेलचा फुगवटा येतो. पखवाजावर कोणतीही थाप पडो, पेटी आपलाच सूर त्यावर चढवते. आपल्या स्पीकरचे आकडे थोडे वेगळे निघतील, पण ते याच जातीचे असावेत असा माझा अंदाज आहे.

क्यूटीएस ०.७ च्या आसपास किंवा वर निघाल्यास पेटी करूच नये, पाट करावा. पाट म्हणजे उघडा बॅफल : अठरा मिलिमीटर प्लायची रुंद फळी, स्पीकर तिच्यात, मागे काही नाही. एक मीटर रुंदीच्या फळीत साधारण १७० हर्ट्झच्या खाली आवाज दर सप्तकाला सहा डेसिबेलने उतरू लागतो. जास्त क्यू असलेला स्पीकर त्यातील काही उतार भरून काढतो, आणि फळी जमिनीला टेकून उभी केली की आणखी थोडी मदत होते. भोक मात्र मध्यभागी पाडू नये. चारही कडा समान अंतरावर आल्या, तर सगळीकडून वळून येणारा आवाज एकाच स्वरावर एकमेकाला मारतो, आणि ही खाच ऐन गाण्याच्या पट्ट्यात पडते. भोक एका कडेपासून जवळ, दुसरीपासून दूर असे घ्यावे.

आपले घर जुन्या धाटणीचे असेल तर याहून उत्तम सोय घरातच असू शकते. माजघर आणि शेजारची कोठीची खोली यांच्यामध्ये वापरात नसलेली खिडकी असल्यास तिच्या चौकटीत प्लायची फळी घट्ट बसवून तिच्यात स्पीकर लावावा. मग अख्खी कोठी ही पेटी होते. एवढ्या हवेची स्प्रिंग नगण्य असल्याने ६० चा सूर ६० लाच राहतो, आणि ०.७ क्यू असेल तर आवाज तेथपर्यंत जवळजवळ सपाट जातो. फळी ऐकण्याच्या खोलीच्या बाजूला, भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल ठेवावी. जांभ्याच्या जाड भिंतीत ती आत ढकलली, तर पुढे बोगदा तयार होऊन आवाज नाकातून आल्यासारखा होतो. गणपतीला पाहुणे कोठीत झोपतात, तेव्हा त्यांनाही भजन ऐकावे लागेल. ती एक अडचण मी नाकारत नाही.

दोन्ही शक्य नसेल, तर ८० ते १०० लिटरची पेटी करून तिच्या पाठीला बरीच छिद्रे पाडावीत आणि त्यांवर आतून जाड नमदा ताणून बसवावा, म्हणजे हवा अडखळत बाहेर पडते आणि फुगवटा दबतो. क्यूटीएस ०.४ च्या खाली निघाला, तरच भोकाच्या (स्पीकरखेरीज हवेसाठी मुद्दाम आणखी एक भोक ठेवलेल्या) पेटीचा किंवा लांब वळणाच्या भोंग्याचा विचार करावा. जुन्या रेडिओग्राममध्ये इतके बलवान चुंबक क्वचितच असते.

प्रश्न : सुतार म्हणतो की प्लाय कशाला, घरचा फणस पाडला आहे, त्याच्या फळ्यांची पेटी करू, वीणेला फणस चालतो तर स्पीकरला का नाही?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते हे खरे, आणि नेमके त्याच कारणासाठी सुतारबुवांचे ऐकू नये. वाद्याचे लाकूड गायला हवे. स्पीकरच्या पेटीचे लाकूड मुके असायला हवे. आपल्याकडे तर पेटी म्हटले की बाजाची पेटीच डोळ्यांसमोर येते, म्हणून हा गोंधळ होत असावा. दुसरे असे की अखंड लाकूड पावसाळ्यात फुगते आणि चैत्रात आकसते, सांधे उकलतात, आणि बंद पेटीला केसाएवढी फटही शिटीसारखी वाजते.

आयएस ७१० (भारतीय मानक) छापाचा मरीन प्लाय घ्यावा. तो महाग पडतो, पण किनाऱ्यावर साध्या प्लायचे थर सुटलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. मोठ्या फळीला आतून आडवी पट्टी द्यावी आणि बोटाच्या पेराने ठोकून पाहावी : ‘टण’ आले तर आणखी एक पट्टी, ‘थप’ आले तर पुरे. भोकाची मागची कड पंचेचाळीस अंशांत तासून घ्यावी, नाही तर अठरा मिलिमीटरच्या जाडीत कोनाच्या मागची हवा गुदमरते. स्क्रू पितळी वापरावेत आणि समोरासमोरचे आळीपाळीने, बेताने आवळावेत. जुन्या स्पीकरची चौकट पातळ पत्र्याची असते. एका बाजूने जोर दिला की ती पिळते आणि कोनामागची तारेची कॉइल घासू लागते. फणसाचे पाट करून जेवायला बसावे, ते शोभेल.

प्रश्न : पावसाळा संपल्यावर स्पीकर लावला, तर खरखर येते. कोनावर पांढरे ठिपकेही दिसतात. कोनाला वॉर्निश लावावे का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : वॉर्निश मुळीच लावू नये. कागद जड होतो, वरचे स्वर मरतात आणि ते पुन्हा निघत नाही. ठिपके बुरशीचे आहेत. कोरड्या दिवशी मऊ कुंचल्याने झटकावेत. खरखरीसाठी स्पीकर आडवा ठेवून दोन्ही अंगठ्यांनी कोन समोरासमोरून अगदी हलका दाबावा. वाळूवर पाऊल पडल्यासारखा आवाज आला, तर चुंबकाच्या फटीत गंज किंवा धूळ आहे. खारी हवा तेथे प्रथम पोचते. स्वतः चुंबक सुटे करू नये, कारण त्या काळातील अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) चुंबकाची मांडणी उघडली की त्याचे बळ कमी होते आणि परत जोडल्याने भरून येत नाही. कॉइल भरणाऱ्या जाणत्या कारागिराकडे द्यावे. पुढच्या वर्षी मृगापासून दिवाळीपर्यंत रोज तासभर तरी तो वाजता ठेवावा. न वाजणारे स्पीकर सुती कापडात गुंडाळून, कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावेत. चुलीजवळ नको.

प्रश्न : आजोबांच्या रेडिओतील स्पीकरला चुंबकच नाही, नुसती मोठी कॉइल आहे आणि चार वायरी. तो कसा वाजवायचा?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : तो विद्युत्चुंबकी स्पीकर आहे. मोठ्या कॉइलमध्ये डीसी वीज सोडल्याशिवाय तो मुका राहतो. मूळ रेडिओत हीच कॉइल वीज गाळण्याचेही काम करत असे, आणि तेथील दाब शेकडो व्होल्ट असतो. पेटीचा विचार नंतर करू. आधी मोठ्या कॉइलचा रोध मोजून कळवावा, आणि तोवर प्लग भिंतीत घालू नये.