युबिक्विटिनचा ब्लॉट करताना
साल्मोनेला या जीवाणूचं एसएसईएल हे प्रथिन मॅक्रोफेजमधल्या (जंतू गिळणाऱ्या पेशींमधल्या) प्रथिनांवरचं युबिक्विटिन, म्हणजे त्यांना जोडलेली छोट्या प्रथिनाची खूण, काढून टाकतं. ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, तेच बघायचं असतं. पण पेशी फोडल्या की पेशीचे स्वतःचे एन्झाइमही तेच करायला लागतात, मग फरक दिसणार कुठून? म्हणून लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) या एन्झाइमांना थांबवणारं एन-इथाइलमॅलिमाइड, १० मिलीमोलर, आयत्या वेळी घाल. डीटीटी (प्रथिनांमधले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) तिथे अजिबात नको, ते एन-इथाइलमॅलिमाइडलाच निकामी करतं. नंतर सॅम्पल बफरमध्ये, म्हणजे नमुना जेलवर चढवायच्या द्रावणात, डीटीटी चालेल. संसर्गानंतर एसएसईएल उशिरा सुटतं, तेव्हा दोन तासांच्या नमुन्यावरून निराश होऊ नकोस, ८ ते १६ तासांचे घे. एसएसईएल नसलेला जीवाणू शेजारच्या लेनमध्ये हवाच, नाहीतर पट्टी कशामुळे फिकी झाली ते कळणार नाही. आणि रत्नागिरीच्या पावसाळ्यात वीज जातेच. फ्रीझरमधलं एमजी-१३२ (युबिक्विटिन लागलेली प्रथिनं पेशीने तोडू नयेत म्हणून वापरायचं रसायन) छोट्या नळ्यांत वाटून ठेव, पुन्हा पुन्हा वितळलं की वाया जातं.