खेळांमधून नर्सेस संसर्गजन्य आजारांबद्दल खरंच शिकतात का, की नुसता वेळ जातो?

शिकतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे, नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे असतं. प्रश्नमंजूषेवर मात्र माझा भरवसा नाही. हात धुण्याचे पाच प्रसंग तोंडपाठ असलेली सिस्टरही एका पलंगाच्या कठड्याला हात लावून तशीच दुसऱ्या पेशंटकडे जाते.

आमच्याकडे उपयोगी पडला तो गुलाल. रिकाम्या खोलीत तिघींना पेशंट म्हणून झोपवते, पहिल्या पलंगाच्या कठड्याला जंतू म्हणून गुलाल चोळते आणि एकीला तिघींचं बीपी, टेम्परेचर घ्यायला लावते. दहा मिनिटांत गुलाल बीपीच्या पट्ट्यावर, पेनावर, केसपेपरवर, तिसरीच्या मनगटावर आणि मास्क सारखा केला म्हणून तपासणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या कानामागेही! त्यानंतर सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळा, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा खेळ पत्त्यांचा. पत्त्यावर लिहिलेलं असतं: वावरात निंदायला जाणारी बाई, सहा दिवसांपासून ताप, डोकं ठणकतं, मलेरिया निगेटिव्ह. प्रत्येकीने एकच गोष्ट विचारायची किंवा तपासायची. जी काखेत, जांघेत, स्तनाखाली बघते, तिला काळी खपली सापडते. विडीचा चटका बसल्यासारखी, पण दुखत नाही, म्हणून त्या बाईलाही ती कळलेली नसते. हा स्क्रब टायफस. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे याचे बरेच रुग्ण निघाले होते. झाडाझुडपांतल्या चिगर माइट्स नावाच्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होतो आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं तर बहुतेक पेशंट बरे होतात. खपली प्रत्येकात दिसत नाही, म्हणून काही पत्त्यांवर मी ती मुद्दाम ठेवत नाही.

एक कळकळीची विनंती, गुण ठेवू नका. मी एकदा ठेवले होते. वापरलेली सुई बोटात गेल्याचा पत्ता एका मुलीला आला. ती म्हणाली, "कोणाला सांगणार नाही." का गं? तर, "गुण कापाल ना मॅडम. ड्यूटीवरही ओरडाच बसतो." पोटात गोळा आला माझ्या. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो 2 तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. असं लपवण्यात ते तास निघून जातात.

खेळ तिथंच थांबवला. आता त्या पत्त्यामागे उत्तर नाही, पहिला फोन कोणाला करायचा तो नंबर आहे. तोच नंबर इंजेक्शनच्या ट्रेवरही चिकटवलाय.