पावसाळ्यात मटकीला मोड आणायचे तर

ताई, तुम्ही विचारलंय की उन्हाळ्यात मटकीला झकास मोड येतात, मग पाऊस लागला की तीच मटकी बुळबुळीत का होते नि आंबूस वास का मारते. कोल्हापूरच्या पावसात फडकीसुद्धा वाळत नाहीत त्यामुळं सगळेजण हवेला शिव्या घालतात, पण खरं कारण बहुतेक वेळा एकच, मटकी नीट निथळलेली नसते. मोड फुटताना दाणा श्वास घेतो, त्याला ओल पाहिजे पण पाणी साचलेलं चालत नाही, पाण्यात बसला की हवा कोंडते आणि मोड यायच्या आधी जंतूच वाढतात, तोच तो वास.

मी तर सकाळी भिजवते. दोन-तीन पाण्यानं चोळून धुवायची, मग मटकीच्या तिप्पट पाणी घालून 8 ते 10 तास. पावसाळ्यात कोमट पाणी घेतलं तर उत्तम, कडकडीत नको, दाणा मरतो. संध्याकाळी गणंग दाणे वेचून काढा (शिजत नाहीत ते, बरोबर दाताखाली येतात) आणि परत धुवून चाळणीत ओता आणि चाळण तिरकी करून अर्धा तास विसरून जा. इथंच सगळे घाई करतात. मग धुतलेलं सुती फडकं घट्ट पिळून त्यात बांधायची, पण करकचून नाही, दाण्यांना हलायला जागा पाहिजे. गाठोडं चाळणीत ठेवून ओट्याच्या उबेच्या बाजूला ठेवा. कॅसरोलमध्ये ठेवता येतं पण झाकणाला फट ठेवा, गच्च लावलं की पुन्हा तोच वास. उन्हाळ्यात रात्रीत मोड येतात, पावसात दीड दिवस धरून चाला, आणि मध्ये एकदा धुवून परत निथळा. हुलगे घेतले तर आणखी वेळ लागतो, मूग त्यामानानं लवकर.

एवढं करूनही मोड नाही आले तर मटकी जुनी आहे. लक्ष्मीपुरीच्या बाजारात घेताना नव्या हंगामाची आहे का विचारून घ्या. आणि कुणी शेतावरचं उरलेलं बियाणं दिलं तर ते अजिबात वापरू नका, त्याला औषध लावलेलं असतं.

मोड लांब यावेत म्हणून लोक दोन-दोन दिवस ठेवतात ते मला पटत नाही. फोटोला छान दिसतात, पण मिसळीत दाण्याएवढा मोड पुरे, त्याच्यापुढं गेले की शिजताना तुटतात नि कटात (मिसळीच्या रश्श्यात) नुसता गाळ होतो.

कच्चे मोड मात्र या दिवसांत नकोच, ज्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई-कोलायची साथ पसरली होती, पन्नासाच्या वर माणसं गेली. लहान मुलं, म्हातारी माणसं नि गरोदर बायकांना तर शिजवूनच द्या.

आता शिजवायचं. कुकरच्या नादी लागू नका, लगदा होतो. पातेल्यात हळद-मीठ घालून मटकी बुडेल एवढं पाणी, वर ताट आणि ताटात पाणी, 10-15 मिनिटांत दाणा बोटानं दबतो, तिथंच बंद. टोमॅटो, चिंच काही आधी घालू नका, आंबटानं दाणा कडकच राहतो. शिजवलेलं पाणी ओतलंत तर माझ्याशी गाठ आहे, ते कटात जातं. कटाला कांदा, सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण, कोथिंबीर भाजून वाटायचं, तेल जरा सढळ, आणि आपली कांदा-लसूण चटणी गॅस बारीक करून मग टाकायची, जळली की तर्री काळी पडते नि कडवटही लागते. मटकी कटात उकळत बसवू नका, वेगळी ठेवा, ताटलीत आधी मटकी, मग फरसाण, कांदा, वरनं कट, बाजूला ब्रेडच्या स्लाइस. पाव म्हणणाऱ्यांनी मुंबईला जावं.

आणि मोडाची मटकी उरली तर फडक्यावर पसरून कोरडी करून डब्यात फ्रिजला टाका, दोन दिवस चांगली राहते. पण हाताला चिकट लागली तर धुवून वाचवायला जाऊ नका, सरळ टाकून द्या.